विद्यापीठाचे वस्तुसंग्रहालय आणि कुंभाराचे थापटणे

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी चिटणीसांची सूचना आली तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. मी मॅट्रिक झालेला आणि खेड्यापाड्यांतील शाळांतून मुलांना अक्षरे गिरवायला लावलेला एक सेवानिवृत्त शिक्षक. संशोधन हा माझा प्रांत नव्हे. शिवाय अशा लेखांचा एक साचा पडून गेलेला आहे. आरंभी ब्रह्मदेवापासून आपली उत्पत्ती, मध्ये एखादा पराक्रमी राजा, आणि अखेरीस बांधवांना जागे होण्याची हाक. आपल्या चाकाचा संबंध थेट विष्णूच्या सुदर्शनाशी जोडलेलेही मी वाचले आहे. ते वाचून क्षणभर छाती फुगते, पण हाती काही लागत नाही. पुढे विचार करता असे वाटले की, आपल्या धंद्याचा डोळ्यांनी पाहता येण्याजोगा, हाताने मोजता येण्याजोगा इतिहास आपल्याच शहरात मांडून ठेवलेला आहे, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांनी तो पाहिलेला आहे. त्याविषयी लिहावे. चिटणीसांनी ते मान्य केले, म्हणून हा लेख.

छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ या नावाने झाली, आणि १४ जानेवारी १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. बीबीचा मकबरा मागे टाकून औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराकडे निघाले की त्याचा विस्तीर्ण परिसर लागतो. तेथील इतिहास विभागाचे वस्तुसंग्रहालय हे डॉ. रमेश शंकर गुप्ते यांच्या परिश्रमाचे फळ होय. वेरूळ-अजिंठ्यावर आणि मूर्तिशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा हा विद्वान मातीच्या खापरांचाही तितकाच आदर करीत असे, हे विशेष. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदन येथे उत्खनन केले. नागपूरकडून डॉ. शांताराम भालचंद्र देव आणि इकडून डॉ. गुप्ते हे त्याचे प्रमुख होते. त्याचा वृत्तांत पुढच्याच वर्षी, १९७४ साली, छापून निघाला.

भोकरदन हे आज जालना जिल्ह्यातील केळणा नदीकाठचे तालुक्याचे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव भोगवर्धन असे होते. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांची नावे तेथील दगडांवर कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनाहून आलेले दातेही आहेत. या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग मिळाला. तशाच घडणीची एक मूर्ती इटलीतील पाँपेई शहराच्या अवशेषांत १९३८ साली सापडली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे तत्पूर्वी ती मूर्ती हिंदुस्थानातून तिकडे पोचली असली पाहिजे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही त्याच जातकुळीची हस्तिदंती मूर्ती मिळालेली आहे. मराठवाड्याच्या प्राचीन वैभवाविषयी कोणी बोलू लागला की प्रथम या हस्तिदंताचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे.

परंतु उत्खननात हस्तिदंत मिळतो तो बोटभर, आणि खापरे मिळतात ती गाडाभर. मातीत लाकूड कुजते, कापड नाहीसे होते, लोखंडाला गंज खातो. एकदा आव्यात भाजलेली माती मात्र तशीच राहते. कोणता थर कोणत्या काळाचा, हे ठरविण्यासाठी अभ्यासक प्रथम खापरच हातात घेतात. आपल्या भाषेत दुसऱ्याच्या माथी खापर फोडण्याची रीत आहे. या मंडळींनी फुटलेली खापरे वेचून त्यांवरून राजवटींचे कालमान ठरविले.

मी प्रथम हे संग्रहालय पाहिले ते १९९७ साली, इयत्ता सातवीच्या मुलांची सहल घेऊन आलो तेव्हा. मुले नाण्यांपाशी आणि शिल्पांपाशी गर्दी करून उभी होती. मी मातीच्या भांड्यांपाशी थांबलो. लेबलावर ठिकाणाचे नाव, काळ आणि 'मृद्भांडे' एवढा मजकूर होता. त्यापलीकडचे मला दिसू लागले, आणि ते कशामुळे दिसते आहे हे ध्यानात येण्यास थोडा वेळ लागला. माझे बालपण चाकाच्या शेजारी गेले होते.

ज्ञातीतील ज्या तरुणांनी आता चाक पाहिलेलेही नाही, त्यांच्यासाठी जरा खुलासेवार सांगतो. लहान भांडे चाकावरून उतरविताना कुंभार ते बुडाशी दोऱ्याने कापतो. चाक फिरते असता दोरा ओढला गेल्याने बुडावर शिंपल्यासारख्या वळणाच्या रेघा उठतात. पणती उलटी करून पाहावी, आजही त्या दिसतील. घागर किंवा रांजण यांचे तसे नसते. चाकावर तयार होतो तो फक्त जाड अंगाचा आणि नीट तोंडाचा एक ठोंब. तो अर्धवट सुकला की आतून दगडी गोळा धरावयाचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत त्याचे पोट वाढवीत न्यावयाचे. म्हणून घागरीला आतून हात घातला तर बोटांना उथळ खळगे लागतात. ते त्या गोळ्याचे ठसे होत. काचेपलीकडच्या फुटक्या घागरीच्या आतल्या अंगाला मला तसेच खळगे दिसले. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी आत गोळा धरून बसला होता आणि बाहेरून थापटणे चालवीत होता. माझे वडील बसत तसाच.

दुसरी गोष्ट काळ्या-तांबड्या भांड्यांची. आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी अशी भांडी दक्षिणेतील जुन्या वस्त्यांच्या थरांतून विपुल मिळतात. पाहणाऱ्यास वाटते की दोन रंग दिले असावेत. रंग दोन नसून हवा दोन प्रकारची असते. आपल्या मातीत लोहाचा अंश असतो. भाजताना त्याला मोकळी हवा मिळाली की तो तांबडा होतो, हवा कोंडली की काळा पडतो. भांडे उपडे घालून त्याचे तोंड राखेत अथवा भुशात दाबले की आत धूर कोंडतो आणि बाहेर जाळ खेळतो. एकाच आव्यात, एकाच वेळी दोन रंग उतरतात. रसायनशास्त्र हे नावही ज्यांच्या कानी पडले नव्हते, त्या माणसांनी हे साधले होते.

तिसरा प्रकार पांढऱ्या मातीच्या लहान पुतळ्यांचा. भोकरदन, पैठण आणि तेर या तिन्ही ठिकाणी सातवाहनकाळातील अशा पुतळ्या मिळाल्या आहेत. त्या दुहेरी साच्याच्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, आणि दोन्ही अर्धे ओले असतानाच जोडून टाकावयाचे. आत पोकळी राहते, म्हणून एखादे छिद्र ठेवावे लागते. नाही तर आव्याच्या आचेत आतली वाफ कोंडून पुतळी फुटावयाची. ही विद्या चाकाच्या विद्येहून निराळी आहे, आणि मराठवाड्यात ती पुढे कोठे लोपली हा प्रश्न मला अजून छळतो. पोळ्याचे बैल आपण हातानेच घडवीत आलो.

आणि हे सारे करताना घरातील स्त्रिया कोठे होत्या? बाईने चाकाला हात लावू नये असा आपल्याकडे दंडक होता. पण माती चाळणे, तीत लीद आणि राख घालून ती पायांनी मळणे, गेरू लावणे, गोवऱ्या आणि पऱ्हाट्या रचून आवा लावणे, आणि बाजारात बसून माल विकणे ही कामे त्यांचीच. पुष्कळ घरांत थापटण्याचे कामही त्याच करीत. चाकाचे काम घटकाभराचे, थापटण्याचे दिवसभराचे. लेबलावर 'चाकावर घडविलेले' असे लिहिले की त्या दिवसभराचा हिशेब कोणी ठेवत नाही. मात्र त्यासाठी संग्रहालयाला दोष देण्यापूर्वी आपणही आजवर जातीच्या इतिहासात एकाही कुंभारणीचे काम लिहिलेले नाही, याची आठवण ठेवावी.

येथे तेरविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. ग्रीक भाषेत लिहिलेल्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका व्यापारी प्रवासवर्णनात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे शहर असल्याचे म्हटले आहे. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट या इंग्रज विद्वानाने १९०१ साली दाखवून दिले. तेरचे त्रिविक्रमाचे देऊळ भाजक्या विटांचे असून मुळात ते गजपृष्ठाकार चैत्यगृहासारखे बांधलेले आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि पांढरीवर मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. तो हजारो वस्तूंचा संग्रह आज शासकीय वस्तुसंग्रहालय म्हणून गावातच आहे. आणि याच गावी, तेरणेच्या काठी, आपल्या गोरोबाकाकांची समाधी आहे. समाधीला आपण वर्षानुवर्षे जातो. त्याच गावातील संग्रहालयात किती जण गेले? मीही तीन वेळा समाधीचे दर्शन घेऊन, एसटी चुकेल म्हणून, तसाच परत फिरलो होतो.

गोरोबाकाकांनी संतमेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याची परीक्षा केली, आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलासही ठाऊक आहे. कथेतील त्या वस्तूची घडण मात्र आता आपल्याच घरांतील मुलांना ठाऊक नाही.

अभिमान बाळगावा असे एक प्रमाण मला आढळले, ते नोंदवितो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी काही रक्कम निरनिराळ्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. तीत 'कुलरिक' श्रेणीकडे १००० कार्षापण आणि पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे २००० कार्षापण ठेविल्याची नोंद आहे. 'कुलरिक' म्हणजे बहुधा कुंभार, असा अर्थ अभ्यासक लावतात. तो बरोबर असेल तर त्या काळी आपल्या व्यवसायाच्या संघाची पत एवढी होती की लोक त्याजकडे ठेव ठेवीत आणि त्याचे व्याज पिढ्यान्‌पिढ्या मिळेल असा विश्वास बाळगीत. मंडळाच्या पतपेढीच्या चालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पण त्या श्रेणीतील माणसे आणि आपण एकाच रक्ताचे, असे मी म्हणणार नाही. दोन हजार वर्षांत किती जण या धंद्यात आले, किती बाहेर पडले, कोणी सांगावे! आपल्यातच थोरचाके, लहानचाके, हातघडे असे भेद होते. कोणाचे चाक मोठे, कोणाचे लहान, कोण हाताने घडवितो, एवढ्या फरकावर सोयरिकी अडल्या. हत्याराच्या मापावरून जात पाडणारा समाज रक्ताच्या शुद्धतेचा दावा कोणत्या तोंडाने करणार? वारसा आहे तो हाताच्या कामाचा. ते ज्यांनी शिकले त्यांचे, आणि ज्यांनी टाकले त्यांचे नाही.

संग्रहालयाविषयी माझी खंत एवढीच, की तेथे वस्तू आहे, पण तिची कृती नाही. हा प्रश्न आपल्याच विद्यापीठापुढे आहे असे नव्हे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात १८८४ साली स्थापन झालेले पिट रिव्हर्स संग्रहालय जगभरातील लोकांच्या वापरातील वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. तेथे देशवार मांडणी नाही. दिवे एकीकडे, भांडी एकीकडे, शस्त्रे एकीकडे. त्यामुळे माणसाच्या कल्पकतेचा पट एका नजरेत येतो, पण वस्तू आपल्या माणसांपासून तुटते. अमेरिकेत फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने १८८७ सालीच याविरुद्ध लिहिले होते. वस्तू जिची तिच्या लोकांच्या जीवनासह मांडली नाही तर तिचा अर्थ लागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. कॅनडातील व्हँकूव्हर येथे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे असे संग्रहालय १९४९ पासून आहे. तेथील मूळ रहिवाशांच्या कोरीव खांबांसाठी आणि पेट्यांसाठी ते नावाजलेले आहे. त्या रहिवाशांतील आजचे कारागीर पूर्वजांच्या वस्तू पाहून आपले काम पुढे चालवितात, आणि त्यांचे नवे कामही संग्रहालयात मानाने ठेवले जाते. आपल्याकडे भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाने कारागिरांनाच बोलावून त्यांच्या हातून वस्तू आणि घरे उभारून घेतली. भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाने तर १९६६ सालीच देशातील कुंभारकामाच्या पद्धतींवर स्वतंत्र पुस्तक काढले. म्हणजे विचारणारे होते. सांगणारे आपण सांगण्यास लाजलो.

ही लाज मी दुसऱ्याच्या माथी मारीत नाही. माझे वडील वारले तेव्हा त्यांचे चाक घराच्या मागे, चिंचेखाली उभे होते. लाकडी आऱ्यांचे, कडेला मातीत केस कालवून दिलेल्या जाड लेपाचे. फिरवावयाचा दांडा आढ्याला खोचलेला होता. गावकी केव्हाच मोडली होती. मंगलोरला १८६५ साली बाझल मिशनने कौलांचा कारखाना काढला, त्या चपट्या नव्या कौलांनी आपल्या हातकौलांना हळूहळू हुसकले. मागून अल्युमिनियम आले, स्टील आले, प्लॅस्टिकच्या घागरी आल्या. संक्रांतीची सुगडी, लग्नाच्या ऐरण्या, अक्षय्य तृतीयेची केळी, नवरात्राचे घट एवढेच काय ते उरले. मी तर शिक्षक झालेलो. शाळेतील सहकारी घरी येत, त्यांच्या दृष्टीस ते चाक पडू नये असे मला वाटे. १९९३ च्या हिवाळ्यात मी ते फोडून न्हाणीच्या बंबाखाली घातले. चार दिवस पाणी तापले. कोणी काही बोलले नाही. आई तेवढी त्या चार दिवसांत गरम पाण्याने न्हाली नाही. तिने कारण सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

चार वर्षांनी काचेपलीकडे ती घागर पाहिली, तेव्हा मला ते कारण कळले.

गेल्या हिवाळ्यात माझ्या आत्याला मी विद्यापीठाचे संग्रहालय पाहण्यास घेऊन गेलो. तिचे वय ब्याऐंशी. शहरात ती दवाखान्यापुरतीच येते. नातवाने चाकाची खुर्ची मागवू का म्हणून विचारले तर म्हणाली, "चाकावर बसायचं नसतं बाईनं." शिल्पे तिने हात जोडून पाहिली. नाणी पाहिलीच नाहीत. भांड्यांपाशी आल्यावर मात्र ती बराच वेळ हलेना. एका घागरीच्या काठाकडे बोट करून म्हणाली, "ही घाईत केलीया. बाजाराचा दिवस असंल." दुसरीकडे पाहून म्हणाली, "हिच्यात राख कमी पडली, म्हणून तडकलीया." मी शाळेची जुनी वही नेली होती. तीत तिचे शब्द उतरवीत गेलो. मातीच्या प्रतीला, मळण्याच्या पायरीला, आव्याच्या थरांना आणि फसलेल्या भांड्यांच्या प्रकारांना तिच्याजवळ निरनिराळी नावे होती. त्यांतील निम्मी मला ठाऊक नव्हती, मी कुंभाराचा मुलगा असूनही. त्या दिवशी वहीची अकरा पाने भरली. पुढे दोनदा तिच्या गावी जाऊन आणखी वीस भरली. ती वही मी मंडळाच्या कार्यालयात ठेवण्यास देत आहे. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी त्यांना विचारून तीत भर घालावी, अथवा चूक असेल तेथे खोडावे. चाक, दांडा, गोळा, थापटणे, साचे यांपैकी जे काही कोणाच्या माळ्यावर असेल त्याची यादीही चिटणीस करीत आहेत. पुढे विद्यापीठाकडे रीतसर विचारणा करावयाची, ती या यादीच्या आधारे करता येईल.

यादीत पहिली नोंद आत्याच्या थापटण्याची व्हावी अशी माझी इच्छा होती. बाभळीच्या लाकडाचे आहे, मूठ झिजून तिच्या तळहाताच्या आकाराची झाली आहे. तिच्या सासूचेही तेच. मी शब्द टाकला. तिने ते पदराने पुसले, उलटेसुलटे करून पाहिले आणि पुन्हा कोनाड्यात ठेवले. म्हणाली, "औंदाची केळी होऊ दे. मग बघू."